मुंबई ते मालवण शिडाच्या बोटीने: खडकांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. चौघं मित्र, दोघं जळगावचे, एक चोपड्याचा, एक दोंडाईच्याचा. चौघांची नोकरी मुंबईत. दोन मोसम लहान शिडाच्या होड्या चालवायला शिकलेत. आता ओळखीतून २६ फुटी बोट मिळते आहे आणि डिसेंबरात ती मुंबईहून मालवणला न्यायची आहे. 'जीपीएस आहे, मोबाइलमध्ये चार्ट (समुद्राचा नकाशा) आहे, इंजिन आहे. भीती आहे ती खडकांची. ते लांबून ओळखायचे कसे आणि किती अंतरावरून जायचं?'

भाऊ, मीही तुमच्यासारखाच तापीकाठचा, अमळनेर तालुक्यातला. नौदलात भरती होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि नंतरची बावीस वर्षं दुसरं फारसं काही पाहिलं नाही. निवृत्तीनंतर लोकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवून देण्याचं काम केलं. आता गावी केळी बघतो. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते पुस्तकी कमी आणि अंगावर आलेलं जास्त आहे.

सगळ्यात आधी, प्रश्नातला 'लांबून ओळखायचे कसे' हा भाग काढून टाका. जो खडक लांबून दिसतो तो सहसा बोट फोडत नाही, कारण तो दिसतो. बोट फोडतो तो पाण्याखाली हातभर असलेला. तो ज्या क्षणी ओळखू येतो, त्या क्षणी चार नॉटने, म्हणजे तासाला चार सागरी मैलांनी, चाललेली बोट सेकंदाला दोन मीटर पुढे सरकत असते. शिडाची बोट ब्रेक मारून थांबत नाही. म्हणून खडक शोधत जायचं नसतं. घरी टेबलावर बसून एक रेघ आखायची, ती ओलांडायची नाही असं ठरवायचं, आणि समुद्रावर दिवसभर एकच प्रश्न विचारत राहायचं: मी रेघेच्या बाहेर आहे की आत? खडक तिथे असो वा नसो, दिसो वा न दिसो, आपलं काम रेघेशी.

आपल्या लोकांची एक खास अडचण आहे, ती आधी सांगतो. आपण नदीची माणसं. लहानपणी आमच्या गावी डोंगा चालवणारा एक म्हातारा भोई होता. तो म्हणायचा, 'पाणी जठे बोलस तठे दगड शे. पन जठे गप शे तठे बी राहू शकस.' पहिलं वाक्य आम्ही पोरांनी पक्कं धरलं, दुसरं विसरलो. नदीत दगडावरून पाणी फुटतं, मागे फेस येतो, प्रवाहाच्या दिशेला उघडी होणारी रेघांची जोडी दिसते आणि आपण ओळखतो की तिच्या टोकाशी दगड आहे. नदीला एकच दिशा असते, आणि पूर नसेल तर पातळीही दिवसभर तीच. सकाळी ज्या दगडाला वळसा घातला तो संध्याकाळी तिथेच, तेवढाच वर असतो. समुद्रात यातलं एकही गृहीत धरता येत नाही. दर सहा तासांनी पाण्याची दिशा उलटते आणि पातळी मुंबईत उधाणाच्या दिवशी चार मीटरपेक्षाही जास्त वरखाली होते. म्हणजे एका मजल्याहून अधिक. सकाळी दिसलेला खडक दुपारी नाहीसा होतो.

अलिबागला सहल काढली असेलच तुम्ही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जातो आपण, घोडागाडीही जाते. भरतीला तिथेच होडी लागते. किल्ला बघून परत यायला उशीर झाला की कमरेएवढ्या पाण्यातून धडपडत येणारे पर्यटक मी पाहिलेत, त्यात आपल्याकडचेही असतात. तुमच्या बोटीचा कील, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारा कणा, त्या पर्यटकाच्या पायासारखा समजा. पाणी किती वाजता किती आहे, हे त्याला कळलंच पाहिजे.

हे कळण्याची कोळ्यांची जुनी रीत तुमच्या घरातल्या कॅलेंडरवर चालते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला चारचे पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. हा अंदाज झाला. बोट खडकाजवळून न्यायची तर छापील भरती-ओहोटीचा तक्ता लागतोच, त्यात वेळ मिनिटांत आणि उंची मीटरमध्ये असते. पण तिथीचा हिशोब डोक्यात असला की तक्त्यातली चुकीची ओळ वाचली तर लगेच खटकतं. मी आजही दोन्ही करतो.

मधल्या तासांसाठी बाराव्या हिश्श्याचा नियम आहे. ओहोटी ते भरती जेवढं पाणी चढणार, त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा सकाळी साडेसहाला ओहोटी ०.६ मीटर आणि साडेबाराला भरती ४.२ मीटर. फरक ३.६, एक भाग ३० सेंटिमीटर. साडेसातला पाणी ०.९, साडेआठला १.५, साडेनऊला २.४, साडेदहाला ३.३. बघा, साडेआठ ते साडेदहा या दोन तासांत १.८ मीटर चढलं, म्हणजे माणूस बुडेल एवढं.

आता याच आकड्यांवर खडक बसवा. चार्टवर खोलीचे आकडे चार्ट डेटम नावाच्या पातळीपासून असतात, म्हणजे पाणी सहसा त्याखाली उतरत नाही अशी तळाची पातळी. भरतीच्या तक्त्यातली उंचीही तिथूनच मोजलेली. खडकाजवळचा आकडा अधोरेखित असेल तर अर्थ उलटतो: तो खडक डेटमच्या एवढा वर येतो. समजा आकडा १.५, खाली रेघ. साडेसातला, पाणी ०.९ असताना, खडक ६० सेंटिमीटर बाहेर आहे, कावळासुद्धा बसलेला दिसेल. साडेआठला तो पाण्याच्या बरोबरीला. नऊच्या सुमाराला तो अर्ध्या मीटरभर पाण्याखाली. सौम्य दिवस असेल तर वर फेससुद्धा नाही. तुमच्या बोटीचा कील समजा १.४ मीटर खोल. साडेदहाला खडकावर १.८ मीटर पाणी, कागदावर ४० सेंटिमीटर शिल्लक. पण लाट खाली बसते तेव्हा तेवढं पाणी क्षणभर नसतंच. म्हणजे या खडकावरून तुम्ही साडेअकराआधी जाऊ शकत नाही, आणि मी तर तेव्हाही जाणार नाही. धोका पूर्ण ओहोटीला सर्वात कमी असतो, कारण खडक दिसतो. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे अर्धी भरती.

हे मला कुठून कळलं ते सांगतो. रायगडच्या किनाऱ्यावर २४ फुटी बोट घेऊन चाललो होतो, आम्ही तिघं. नकाशात असाच एक अधोरेखित आकड्याचा खडक होता. माझा बेत उत्तम होता: पहाटे ओहोटीला निघायचं, खडक उघडा असताना त्याला बघत बघत वळसा घालायचा. निघायला दोन तास उशीर झाला. कारण काय, तर बर्फ मिळाला नव्हता आणि एकाला चहा हवा होता. बेत मात्र तोच ठेवला. खडक दिसेना तेव्हा मला वाटलं की तो अजून पुढे आहे. पाणी तर आमच्या हतनूरच्या जलाशयासारखं सपाट. मग खालून आवाज आला. तो आवाज लिहून सांगता येत नाही. सोबतचा केबिनच्या पायऱ्यांवरून खाली गेला, त्याचं मनगट मोडलं. चूक पूर्णपणे माझी, सुकाणूवर मी होतो. तेव्हापासून एक सवय लागली: खडकाजवळचा बेत मी नेहमी वेळेसकट लिहितो. 'इथून सातच्या आत, नाहीतर बाहेरून.' उशीर झाला की विचार करायचा नाही, बाहेरचा मार्ग धरायचा. दोन तास जास्त लागतात, लागू देत.

आता रेघ कशी आखायची. तुमच्या मार्गाचा कागदी चार्ट घ्या. आपल्याकडचे चार्ट देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे असतात. आधी कोपऱ्यात बघा, खोली मीटरमध्ये आहे की वावमध्ये. जुन्या चार्टवर ३ लिहिलेलं तीन वाव असू शकतं, म्हणजे साडेपाच मीटर. खडकाच्या खुणा शिकून घ्या: साधं अधिकचिन्ह म्हणजे पाण्याखालचा धोकादायक खडक, त्याच्या चार कोपऱ्यांत ठिपके असतील तर डेटमला पाण्याच्या बरोबरीत येणारा, आणि चांदणीसारखी खूण म्हणजे झाकणारा-उघडणारा. प्रत्येकाभोवती लाल पेन्सिलीने मोठं वर्तुळ काढा. खडकाला चिकटवून काढू नका. तुमची चूक, चार्टची चूक आणि वाऱ्याने बाजूला सरकणं हे सगळं त्यात मावलं पाहिजे. नंतर सगळ्या वर्तुळांच्या बाहेरून एक सलग रेघ.

कागदावरची ही रेघ पाण्यावर दिसत नाही. ती दिसण्यासाठी दोन जुन्या युक्त्या आहेत, आणि त्या माझ्या मते कुठल्याही यंत्राहून भरवशाच्या.

पहिली तुम्हाला शेतकरी घरातून आधीच येते. पेरणीचं पहिलं तास सरळ पडावं म्हणून वडील काय करायचे? बांधावरचं निंबाचं झाड आणि त्यामागची लांबची टेकडी एका ओळीत धरायचे आणि बैल त्या ओळीवर चालवायचे. समुद्रावर तेच. एक जवळची खूण, एक लांबची: देवळाचा कळस आणि मागचा डोंगर, दीपस्तंभ आणि टॉवर. दोन्ही एका ओळीत आहेत तोवर तुम्ही बरोबर त्या रेघेवर आहात, अंदाज नाही, हातात पट्टी धरल्यासारखं. समोर बघत चालला असाल आणि जवळची खूण लांबच्या खुणेच्या उजवीकडे सरकली, तर तुम्ही डावीकडे गेलात. बोट जवळच्या खुणेच्या बाजूला वळवा. कोकणातले तांडेल, म्हणजे मासेमारी होड्यांचे म्होरके, जाळी टाकायच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या अशाच लक्षात ठेवतात. तुम्ही हे आजच शेतात चालून बघा, पाणी लागत नाही.

दुसरी युक्ती हातातल्या होकायंत्राची. तुम्ही दक्षिणेला चाललात, किनारा डाव्या हाताला, पुढे एका टोकावर दीपस्तंभ, आणि त्या टोकाच्या अलीकडे किनाऱ्याला लागून खडपं. चार्टवर दीपस्तंभापासून एक रेघ अशी ओढा की सगळी खडपं तिच्या किनाऱ्याकडच्या बाजूला राहतील. समजा बोटीवरून दीपस्तंभाकडे बघताना त्या रेघेची दिशा १५० अंश येते. आता नियम एवढाच: दीपस्तंभ १५० च्या खाली दिसतोय तोवर बाहेर आहात. १४०, १३० छान. १५२ दिसला की आत घुसलात, लगेच समुद्राकडे वळा, कारण नंतर शोधा. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक फारच थोडा आहे, एक-दोन अंशांच्या आत, म्हणून हे सोपं जातं. फक्त होकायंत्राजवळ मोबाइल, स्पीकर, चाकू ठेवू नका. ब्लूटूथ स्पीकरने होकायंत्र बारा अंश फिरलेलं मी बघितलंय, आणि पोरं गाणी ऐकत होती.

मग जीपीएसचं काय? वापरा. मीही वापरतो. पण त्यात एक खोच आहे जी अनुभवी लोकांनाही नडली. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंड ही बोट मॉरिशसच्या उत्तरेला कार्गाडोस काराहोस या प्रवाळखडकांवर रात्री जोरात आदळली. जगातले निवडक खलाशी, उत्तम यंत्रं. नऊच्या नऊ जण वाचले हे नशीब. इलेक्ट्रॉनिक चार्ट लांबून बघताना त्या पातळीला खडकांचा तपशील नीट दिसत नव्हता आणि जवळून कुणी पाहिलं नव्हतं. तुमच्या मोबाइलवरही तेच होतं: बोटाने नकाशा लहान केला की आकडे, खुणा गायब होतात, निळं स्वच्छ पाणी उरतं. म्हणून आखलेल्या मार्गावर घरी बसून, सगळ्यात मोठ्या आकारात, बोटाने सरकत सरकत एकदा मुंबई ते मालवण पूर्ण जा. कंटाळवाणं आहे, एक संध्याकाळ जाते. आणि लक्षात ठेवा, जीपीएस तुमची जागा अचूक सांगत असेल, पण खडकाची जागा ज्याने मोजली तो कदाचित शंभर वर्षांपूर्वी ओळंब्यासारखी शिशाची दोरी सोडत होता. ठिपका खडकापासून तीस मीटरवर दिसतोय म्हणून तुम्ही तीस मीटरवर आहात असं नाही.

एक गंमत सांगतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये म्हादेई बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसं करणारे पहिले भारतीय. आपल्या लोकांना वाटतं भीती त्या मोकळ्या महासागरात. खलाशाला विचारा, तो सांगेल की जमीन दिसेनाशी झाली की झोप लागते आणि जमीन दिसू लागली की उडते.

तुमच्या मार्गातल्या जागा. मुंबई बंदरातून बाहेर पडताना उजव्या हाताला कुलाब्याच्या दक्षिण टोकाचा प्राँग्सचा खडकाळ पट्टा. त्यावर १८७५ चा दीपस्तंभ आहे, आणि ओहोटीला लोक किनाऱ्यावरून तिथपर्यंत चालत जातात, यावरून काय ते समजा. दीपस्तंभ दिसतो म्हणून जवळून जायचा मोह होतो. दीपस्तंभ ही 'इथे या' अशी पाटी नाही. पुढे थळसमोर खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीवर १८६७ चा दीपस्तंभ आहे, बेटाचं सरकारी नाव आता कान्होजी आंग्रे बेट. दोन बेटांच्या मधून स्थानिक होड्या जाताना दिसतील; तुम्ही खांदेरीच्या पश्चिमेने, लांबून जा. त्यानंतर चौलसमोर चौल कडूचा खडक, त्यावर खूण उभारलेली आहे, पण खडक खुणेपेक्षा मोठा आहे हे विसरायचं नाही. रायगडच्या पट्ट्यात खडकांइतकीच डोल जाळ्यांची खुंटं त्रास देतात, रात्री तर फारच.

पुढचा किनारा लांबलचक आहे, सरळ रेषेत मालवण पावणेदोनशे सागरी मैल. चार नॉटने चव्वेचाळीस तास, वारा मनासारखा असेल तर. म्हणजे रात्री समुद्रावर काढाव्या लागणारच. त्या किनाऱ्यापासून लांब काढा आणि विसाव्याला जयगड किंवा विजयदुर्गासारखी खाडी दिवसाउजेडी गाठा. विजयदुर्गाला किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली बांधलेली भिंत आहे, शत्रूची जहाजं अडावीत म्हणून. आपण खडक टाळायचा खटाटोप करतो, आणि आपल्याच पूर्वजांनी मुद्दाम एक खडक बांधून ठेवला!

मालवण तर याच विद्येवर उभं आहे. महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो कुरटे बेटावर, कारण भोवती एवढे खडक की वाट माहीत नसलेल्याला आत शिरणं अवघड. साडेतीनशे वर्षांत खडक हलले नाहीत. तिथे तुमचा जीपीएस, माझी रेघ, सगळं बाजूला ठेवा आणि आधी फोन करून स्थानिक तांडेल बोलवा. बाहेर थांबा, तो होडीने पुढे, तुम्ही मागे. पैसे द्या, चहा पाजा. यात कमीपणा नाही. मोठमोठी जहाजंही बंदरात शिरताना पायलट घेतात. आणि मालवण चुकून पुढे वाहत गेलात तर वेंगुर्ल्याचे खडक आहेत, किनाऱ्यापासून बरेच आत समुद्रात. 'किनाऱ्यापासून पाच मैल ठेवले की झालं' हा सोपा नियम तिथे गळ्यात येतो.

पाण्याचा रंग बघून खडक ओळखता येतो असं तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेल. ते स्वच्छ पाण्यात, सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असताना. हिवाळ्यात मालवणकडे थोडंफार जमतं. मुंबई-रायगडला पाणी गढूळ, तिथे आपल्या चहात साखर विरघळली की नाही ते दिसत नाही तसं. खोली सांगणाऱ्या यंत्राचा गजर १५ मीटरवर लावून ठेवा, उतरत्या तळावर तो उपयोगी आहे. पण सुटा खडक भिंतीसारखा वर येतो, तिथे गजर आणि धक्का एकदमच.

आता वारा, कारण तुमची बोट शिडाची आहे. डिसेंबरात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. तो तुम्हाला किनाऱ्यापासून दूर ढकलतो आणि पाणी सपाट ठेवतो. चुकलात तरी वारा तुम्हाला बाहेरच नेतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, आणि तोच वारा सगळ्या कोकण किनाऱ्याकडे ढकलणारा. म्हणजे दुपारनंतर डाव्या हाताचा प्रत्येक खडक तुम्हाला ओढतोय असंच समजा. शिडाची बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, जिकडे आहे तिकडेच जाते असं नाही, ती वाऱ्याखाली तिरकी घसरतेही. म्हणून किनाऱ्यालगतचं जे काही काम असेल ते सकाळी उरका, आणि बारा वाजायच्या आत रेघेच्या चांगले बाहेर या.

'इंजिन आहे' हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय. कोकणात इंजिन बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा इंजिन नसतं, पाण्याखालच्या पंख्यात अडकलेलं जाळं किंवा दोर असतो. आणि तो अडकतो तिथेच, जिथे मासे असतात, म्हणजे खडकांच्या आसपास. तेव्हा खडकांचा पट्टा ओलांडताना इंजिन चालू हवं, पण शीडही उभं आणि नांगरही सोडायला तयार हवा, साखळी मोकळी, गाठी सुटलेल्या. तिन्हींपैकी दोन निकामी झाले तरी तिसरं हातात. शीड थोडं कमी करून जा. बोट वाऱ्याकडे वळवताना ती मध्येच अडकून उभी राहिली, तर खडकाच्या वाऱ्याकडच्या अंगाला तुम्हाला दुसरा प्रयत्न करायला जागा उरली पाहिजे. मी प्रत्येक वळण 'हे फसणार' असं धरूनच आखतो.

खुणांबद्दल थोडक्यात. बंदरात शिरताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) डाव्या हाताला, हिरवा उजव्या. अमेरिकी व्हिडिओ बघून शिकला असाल तर तिकडे बरोबर उलटं असतं, हे आधी डोक्यातून काढा. काळा-पिवळा बोया असेल तर वरचे दोन शंकू बघा: दोन्ही टोकं वर म्हणजे बोयाच्या उत्तरेने जा, दोन्ही खाली म्हणजे दक्षिणेने, तळाला तळ लागलेले म्हणजे पूर्वेने, टोकाला टोक म्हणजे पश्चिमेने. काळा, मध्ये लाल पट्टा आणि वर दोन काळे गोळे म्हणजे त्याच्या खालीच सुटा धोका आहे, चहूबाजूंनी लांब. पण आपल्या किनाऱ्यावर बहुतेक खडकांवर काहीच खूण नाही, आणि असलेला बोया पावसाळ्यात सरकलेला किंवा दिवा गेलेला असू शकतो.

रात्री अनोळखी खडकाळ बंदरात शिरायचं नाही. कितीही थकलेले असा, कुणाला उलटी होत असो, उजाडेपर्यंत बाहेर थांबायचं. यावर माझ्या बोटीवर मतदान होत नाही.

निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे तुमचा मार्ग आणि पोचायची वेळ लिहून ठेवा. व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. लाइफ जॅकेट अंगात, पेटीत नाही.

आणि एवढं करूनही लागलीच बोट, तर पहिला हात केबिनमधल्या फळीला घाला, इंजिनाला नाही. फळी उचलून आत पाणी येतंय का बघा. जोरात पाणी येत असेल तर बोट खडकावरून सोडवायची घाई करू नका; खडकावर टेकलेली बोट निदान वर आहे, खोल पाण्यात गेली की बुडते. मदत बोलवा. पाणी येत नसेल तर घड्याळ बघा. भरती चढत असेल तर वेळ तुमच्या बाजूने आहे: शीड उतरवा, वारा आत ढकलत असेल तर समुद्राच्या बाजूला नांगर टाका आणि पाणी उचलेपर्यंत बोट आणखी आत जाऊ देऊ नका. ओहोटी असेल तर पहिली दोन मिनिटंच तुमची: सगळ्यांनी एका बाजूला जाऊन बोट कलती करा, म्हणजे कील तेवढा वर येतो, आणि आलात त्याच वाटेने मागे काढा. पुढे रेटून नाही, पुढे काय आहे ते माहीत नाही.

मुंबईहून निघायची तारीख ठरली की तिथीसकट कळवा. त्या दोन दिवसांचं पाणी मी इथे बसून काढतो, तुम्ही तिथे काढा, आणि दोन्ही कागद जुळले तर मग बर्फाची ऑर्डर द्या. बर्फ आदल्या रात्रीच भरा.